समुद्रावरची कमाई आणि किनाऱ्यावरचा कर

वरळीच्या उत्तर टोंकाला, माहीमच्या उपसागराकडे तोंड करून, एक जुना कोळीवाडा वसला आहे. मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली त्यांपैकीं वरळी हें एक. १७८४ च्या सुमारास, गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दीच्या अखेरीस, महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधला बांध पुरा झाला; तोंपर्यंत भरतीच्या वेळीं वरळीहून मुंबईस येणें म्हणजे पाणी ओलांडणेंच होतें. टोंकावर इंग्रजांनीं सतराव्या शतकांत बांधलेला लहानसा किल्ला, गांवांत गोल्फादेवीचें देऊळ, बंदराला लागलेल्या होड्या आणि २००९ सालापासून समोरच्या पाण्यावरून वांद्र्याकडे गेलेला पूल, एवढें सारें एका नजरेंत मावतें. त्या पलीकडे क्षितिजावर मोठ्या जहाजांच्या काळसर आकृति दिसतात. जवळची होडी माणसाला कांहीं तासांसाठीं किंवा कांहीं दिवसांसाठीं नेते; दूरचें जहाज त्याला सहा-सहा, आठ-आठ महिने नेतें. परंतु दोहोंचा एक धर्म समान आहे. कमाई पाण्यावर होते आणि तिचा हिशेब मात्र जमिनीवर द्यावा लागतो.

हा हिशेब वाटतो तितका सोपा नाहीं. शेतकऱ्याचें शेत एका गांवांत असतें, दुकानदाराचें दुकान एका पेठेंत असतें. त्यांची मिळकत कोठें झाली हा प्रश्नच उद्भवत नाहीं. खलाशाचें कामाचें ठिकाण मात्र आज एडनला, उद्यां सुवेझला, परवां लिव्हरपूलला. त्याचा मालक एका देशाचा, जहाजावरचें निशाण दुसऱ्या देशाचें, आणि पैसे जातात तें घर तिसऱ्याच किनाऱ्यावर. अशा माणसावर कर बसवावयाचा तर तो कोणीं बसवावा? आणि चुकून बसला, किंवा दोघांनीं बसविला, तर तो परत कोणाकडे मागावा? या दोन प्रश्नांचा इतिहास मुंबईच्या बंदराच्या इतिहासांत दडलेला आहे.

हिंदुस्थानांत प्राप्तीवर कर बसला तो १८६० सालीं. सत्तावनच्या उठावानंतर सरकारी तिजोरीवर कर्जाचा मोठा बोजा पडला होता. तो हलका करण्यासाठीं जेम्स विल्सन हा अर्थवेत्ता विलायतेहून आला. १८ फेब्रुवारी १८६० रोजीं त्यानें अंदाजपत्रक मांडलें. २४ जुलै रोजीं कराच्या कायद्यास संमति मिळाली. आणि ११ ऑगस्ट रोजीं खुद्द विल्सन कलकत्त्यास मरण पावला. वर्षाला दोनशें रुपयांखालची प्राप्ति मोकळी होती. दोनशें ते पांचशें रुपयांवर शेंकडा दोन आणि त्यापुढें शेंकडा चार असा दर होता. हा कायदा पांच वर्षांनीं संपला. मधल्या काळांत परवान्यांचे आणि धंद्यांवरचे निरनिराळे कर येऊन गेले, आणि १८८६ च्या कायद्यानें प्राप्तिकर या देशांत कायमचा स्थिरावला.

या कायद्यांच्या मुळाशीं दोन शब्द होते. प्राप्ति ब्रिटिश हिंदुस्थानांत ‘उत्पन्न झाली’ पाहिजे, किंवा ब्रिटिश हिंदुस्थानांत ‘हातीं आली’ पाहिजे. दोहोंपैकीं एक गोष्ट घडली कीं सरकारचा हक्क लागू झाला. शहरांतल्या कारकुनाला या भेदाचें कांहींच वाटलें नाहीं, कारण त्याचा पगार जेथें उत्पन्न होई तेथेंच हातीं येई. खलाशाच्या बाबतींत मात्र हे दोन शब्द दोन निरनिराळ्या किनाऱ्यांवर उभे होते, आणि पुढचीं सव्वाशें वर्षें त्यांच्यामधला वाद मिटला नाहीं.

मुंबई बंदरांतून परदेशी जहाजांवर जाणारा खलाशी कोण होता? वरळी, माहीम, कुलाबा येथले कोळी मुळांत मच्छीमार. त्यांचा जीव आपल्या होडीवर आणि जाळ्यावर. विलायती आगबोटींवर चढणारा मोठा भरणा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा, काठेवाडच्या बंदरांतला आणि गोमंतकांतला असे. गोमंतकीय माणसाची स्थिति तर विलक्षण होती. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यांत होता. म्हणजे त्याला मुंबई हाच परदेश. तो आधीं या परदेशांत येई, गिरगांव-धोबीतलावाकडच्या आपल्या गांवच्या कुडांत पथारी टाकी, आणि तेथून दुसऱ्याच देशाच्या जहाजावर नोकरी धरी.

१९१४ सालीं ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी काम करीत होते. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा, कधीं त्याहूनही कमी. सामान्य खलाशाला महिना पंचवीस-तीस रुपयांच्या पलीकडे क्वचितच मिळे. प्राप्तिकराची मर्यादा १८८६ सालीं पांचशें रुपये होती, १९०३ सालीं हजार झाली आणि १९१९ सालीं दोन हजार. तेव्हां हिंदी खलाशाची प्राप्ति कराच्या उंबरठ्यापर्यंत पोंचतच नव्हती. गरिबीनें त्याला करापासून वांचविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु कर नसला तरी वर्गणी होती, आणि तिची कथा अधिक बोधप्रद आहे. १९११ सालीं विलायतेंत राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. कामगारानें कांहीं भरावें, मालकानें कांहीं भरावें, आणि आजारपणीं त्या पैशांतून मदत मिळावी, अशी ती योजना होती. हिंदी खलाशाचें कायमचें घर विलायतेंत नसल्यामुळें त्याला या लाभाचा हक्क नव्हता. मग त्याच्यासाठीं मालकानें तरी वर्गणी कां भरावी? पण ती माफ केली असती तर परदेशी खलाशी आणखी स्वस्त पडला असता आणि गोऱ्या खलाशाच्या पोटावर पाय आला असता. म्हणून मालकाचा हिस्सा घेणें चालू राहिलें. हिंदी खलाशांच्या नांवावर असा पैसा सांचत गेला आणि त्यांतून पेन्शनें मिळालीं तीं ब्रिटिश खलाशांना. या निधीला ‘लस्कर फंड’ असें नांव पडलें होतें. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत हिंदी खलाशांच्या संघांनीं हा प्रश्न पुढें आणला: ज्यांच्या डोक्यांची मोजणी करून पैसा जमविला, त्यांच्या म्हातारपणाला त्यांतला वांटा मिळूं नये हा कोणता न्याय? परदेशांत तात्पुरतें काम करून परतलेल्या माणसानें तेथें भरलेला पैसा परत मागावा, या मागणीचें मुंबईच्या इतिहासांतलें हें एक फार जुनें रूप होय.

या मागणीला रक्ताची किंमतही होती. पहिल्या महायुद्धांत साडेतीन हजारांच्या आसपास हिंदी खलाशी मृत्यु पावले. दुसऱ्यांत साडेसहा हजारांवर. मशीद बंदर येथें १९३१ सालीं उभारलेल्या खलाशांच्या आश्रयगृहांत पहिल्या युद्धांतल्या मृतांचें स्मारक आहे. ज्यांच्या घामाचा हिशेब नीट ठेवला गेला नाहीं, त्यांचीं नांवें तेवढीं तेथें नीट लिहून ठेवलेलीं आहेत.

इकडे श्रीमंतांच्या जगांत त्याच काळीं दुहेरी कराचा प्रश्न पेटला होता. पहिल्या महायुद्धानें विलायतेंतला प्राप्तिकर भयंकर चढला. ज्या व्यापाऱ्याची मिळकत लंडनमध्येंही होती आणि मुंबईंतही होती, त्याच्या एकाच रुपयाला दोन सरकारें हात घालूं लागलीं. १९२० सालीं विलायतेच्या पार्लमेंटनें साम्राज्यांतर्गत करासाठीं सवलत दिली आणि १९२२ च्या हिंदी प्राप्तिकर कायद्याच्या ४९ व्या कलमानें तिला जोड दिली. योजना अशी होती कीं, विलायतेनें आपल्या दराच्या अर्ध्यापर्यंत सूट द्यावी, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर उरलेली हिंदुस्थान सरकारनें परत करावी. दोन्ही सूट मिळून दोन दरांपैकीं कमी असलेल्या दराइतकी रक्कम करदात्याला परत मिळे. १९२३ सालीं राष्ट्रसंघासाठीं ब्रुइन्स, आइनाउडी, सेलिग्मन आणि स्टॅम्प या चार अर्थशास्त्रज्ञांनीं दुहेरी करावर अहवाल लिहिला. माणूस आर्थिकदृष्ट्या कोणत्या देशाशीं बांधलेला आहे हें पाहून कराची वांटणी व्हावी, हा त्याचा गाभा होता. पुढें देशादेशांत जे करार झाले त्यांचा पाया याच विचारानें घातला.

या साऱ्या खटपटींत एक गोष्ट ठळकपणें दिसते. परतावा मागणारा माणूस हातांत कागद घेऊन आला पाहिजे. एका देशांत कर भरल्याचा दाखला, दुसऱ्या देशांतल्या आकारणीची नोटीस, मुदतींत केलेला अर्ज, हें सारें असेल तरच सरकार पैसे परत करी. व्यापाऱ्याकडे त्यासाठीं मुनीम होता, वकील होता. खलाशाकडे यांतलें कांहींच नव्हतें. कायद्यानें दिलेला हक्क आणि हातीं आलेला पैसा यांच्यामध्यें केवढी खाडी असते हें येथें ध्यानांत येतें.

१९३९ सालीं प्राप्तिकराच्या कायद्यांत मोठी दुरुस्ती झाली आणि ‘निवास’ हा तिसरा शब्द पुढें आला. मिळकत कोठें झाली आणि कोठें हातीं आली एवढेंच न पाहतां, माणूस वर्षांतले किती दिवस देशांत राहिला हेंही पाहावयाचें ठरलें. एकशें ब्यायशीं दिवस किंवा अधिक राहिला तर तो निवासी. निवासी माणसाच्या परदेशांतल्या प्राप्तीवरही येथला कर लागूं शकतो. अनिवासी माणसाच्या फक्त येथल्या प्राप्तीवर. म्हणजे अर्धें वर्ष हा कांटा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कायदा आला, १९६२ च्या १ एप्रिलपासून अंमलांत आला, आणि हा कांटा त्यांतही राहिला.

या तिसऱ्या शब्दानें खलाशाच्या आयुष्याला एक नवीनच पंचांग दिलें. त्याच्या वर्षाला चैत्र-फाल्गुन नाहींत. त्याला ३१ मार्चपर्यंतचे दिवस मोजावे लागतात. आतां त्याचा पगारही जुन्या लस्करासारखा राहिला नव्हता. परदेशी कंपन्या डॉलरांत पगार देऊं लागल्या, १९२७ सालीं सुरू झालेल्या ‘डफरिन’ या शिक्षणनौकेपासून हिंदी अधिकारी तयार होऊं लागले, आणि खलाशी कराच्या उंबरठ्याच्या आंत आला. घरीं म्हातारी आई आजारी असो, बहिणीचें लग्न असो, नारळी पौर्णिमा असो. रजेचा एक आठवडा वाढला तर वर्षभराच्या कमाईवर कर बसण्याचा संभव. सहा महिने पाण्यावर काढलेल्या माणसाला घरचे दिवस असे बोटांवर मोजावे लागावेत, यांत एक मूक क्लेश आहे. करशास्त्राच्या ग्रंथांत त्याला जागा नाहीं, पण किनाऱ्यावरच्या घराघरांत तो ठाऊक आहे.

परताव्याचा प्रसंग येतो तो येथेंच. जहाजावर चढतांना माणूस त्या वर्षीं निवासी ठरेल कीं अनिवासी हें कोणालाच ठाऊक नसतें. तें वर्ष संपल्यावरच कळतें. देशी जहाजकंपनी मात्र दरमहाच्या पगारांतून कर कापून सरकारांत भरते. वर्षाखेर दिवसांची बेरीज होते आणि दिसून येतें कीं हा माणूस अर्ध्याहून अधिक वर्ष परदेशच्या सफरींत होता. मग कापलेला कर त्याचाच. पण तो आपोआप परत येत नाहीं. त्यासाठीं विवरणपत्र भरावें लागतें, दिवसांचा पुरावा द्यावा लागतो.

आणि पुरावा द्यावयाचा तरी कशाचा? समुद्रावर देशाची हद्द आंखलेली दिसत नाहीं. १९७६ च्या कायद्यानें किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचें पाणी भारताचें ठरविलें. मुंबईहून निघालेलें जहाज ही हद्द ओलांडण्यापूर्वीं खलाशी भारतांत होता कीं भारताबाहेर? १९९० सालीं देशी जहाजांवरील खलाशांसाठींही एकशें ब्यायशीं दिवसांचा नियम स्पष्ट करण्यांत आला, तरी मोजणीची तक्रार राहिलीच. जहाज दोन दिवस बंदराबाहेर नांगर टाकून राहिलें तर ते दोन दिवस कोणाच्या खातीं घालावयाचे? दोन दिवसांसाठीं वर्षाचा कर फिरतो, म्हणून हा वाद क्षुल्लक नव्हता. अखेर २०१५ सालीं कायद्यांत खुलासा जोडला गेला आणि १७ ऑगस्ट २०१५ च्या अधिसूचनेनें नियम झाला. परदेशच्या सफरीसाठीं जहाजावर रुजू झाल्याची आणि उतरल्याची जी तारीख खलाशाच्या सीडीसी या सेवापुस्तिकेंत नोंदलेली असेल, त्या दोन तारखांमधला काळ भारतांतल्या मुक्कामांत धरावयाचा नाहीं. पाण्यावरची रेघ शोधण्याऐवजीं सरकारनें पुस्तिकेंतली रेघ मान्य केली. ज्या पुस्तिकेकडे खलाशी नोकरीचा परवाना म्हणून पाहत होता, तीच त्याच्या कराची साक्षीदार झाली.

तरीही १८८६ चा जुना शब्द, ‘हातीं आली’, अजून जिवंत होता. अनिवासी खलाशाचा पगार परदेशांत उत्पन्न झाला हें खरें. परंतु परदेशी कंपनीनें तो थेट त्याच्या भारतांतल्या बँकेच्या खात्यांत भरला, तर तो भारतांत हातीं आला असें होत नाहीं काय? २०१६ सालीं कोलकात्याच्या प्राप्तिकर न्यायाधिकरणापुढें हा प्रश्न आला आणि निकाल खलाशाच्या विरुद्ध गेला. त्या निकालानें किनाऱ्यावरच्या हजारों घरांत काळजी पसरली. बँक बदलली तर कर टळतो आणि घरच्या बँकेंत पैसे आले तर कर लागतो, हें सामान्य माणसाला समजणें कठीण होतें. ११ एप्रिल २०१७ रोजीं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें परिपत्रक काढून हा गुंता सोडविला. परदेशी जहाजावर भारताबाहेर केलेल्या सेवेचा पगार, अनिवासी खलाशाच्या अनिवासी खात्यांत भारतीय बँकेंत जमा झाला एवढ्याच कारणानें त्याच्या करपात्र प्राप्तींत धरूं नये, असें त्यांत सांगितलें. एकशें तीस वर्षांपूर्वींच्या शब्दाला अशी मर्यादा पडली.

पुढें २०२० सालच्या महामारींत जगभर वाहतूक थांबली. घरीं रजेवर आलेलीं माणसें अडकून पडलीं, आणि एकेक दिवस एकशें ब्यायशींकडे सरकूं लागला. ८ मे २०२० च्या परिपत्रकानें त्या वर्षाच्या मार्चअखेरचे सक्तीच्या मुक्कामाचे दिवस गणनेंतून वगळले. माणूस स्वेच्छेनें राहिला कीं नाइलाजानें राहिला, हा भेद करानेंही मानावा, हें त्या निर्णयाचें सार. २०२५ सालीं संमत झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यानें १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं १ एप्रिल २०२६ हा दिवस नेमला. अर्ध्या वर्षाचा कांटा मात्र त्यांतही तसाच ठेवला आहे.

आतां पुन्हा वरळीच्या बंदराकडे वळलें पाहिजे. क्षितिजावरच्या जहाजाचा हा इतिहास जवळच्या होडीला परका नाहीं. यांत्रिक होडीला डिझेल लागतें आणि डिझेलवर राज्याचा विक्रीकर असतो. मच्छीमार रस्त्यावर गाडी चालवीत नाहीं, म्हणून त्याच्या डिझेलवरचा हा कर परत करण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें ठेविली आहे. नाखवा आपल्या सहकारी संस्थेकडून पुऱ्या किंमतीला डिझेल घेतो, संस्था हिशेब पाठविते, आणि कराची रक्कम मागाहून येते. कोळीवाड्यांत याला नुसतें ‘परतावा’ म्हणतात. तो वेळेवर आला तर जाळें दुरुस्त होतें, दर्याला जाण्याचा खर्च निघतो. थकला तर व्याजानें पैसे काढावे लागतात. खलाशाचा परतावा आणि नाखव्याचा परतावा यांची जात एकच आहे. दोघांनींही आधीं भरलें आहे, दोघेही स्वतःचाच पैसा परत मागत आहेत, आणि दोघांचाही भरंवसा एका नोंदीवर आहे. एकाची नोंद सेवापुस्तिकेंत, दुसऱ्याची संस्थेच्या वहींत.

परतावा ही देणगी नव्हे. कर घेण्याचा सरकारला जितका अधिकार आहे, तितकेंच जास्त घेतलेलें परत करण्याचें त्याच्यावर बंधन आहे. १९२२ च्या कायद्यापासून हें तत्त्व येथें लिहिलेलें आहे. परंतु लस्कर फंडाच्या काळापासून अनुभव असा कीं, ज्यानें मागितलें नाहीं त्याला मिळालें नाहीं, आणि ज्यानें कागद जपला नाहीं त्याला मागतां आलें नाहीं. जुन्या खलाशानें आपला जीव दिला, पण त्याच्या हिशेबाची वही दुसऱ्याच्या कपाटांत राहिली. त्याच्या नातवंडांच्या पिढीनें ती वही आपल्या हातांत घेतली, हाच या दीडशें वर्षांच्या प्रवासांतला खरा लाभ.

संध्याकाळीं वरळीच्या बंदराला होड्या लागतात तेव्हां मासळी उतरविण्यापूर्वीं दोरखंड खुंट्याला बांधला जातो. पाण्यावरून आलेलें सारें धन त्या एका गांठीवर टिकून असतें. समुद्रावरच्या कमाईला किनाऱ्यावर अशीच एक गांठ लागते, आणि ती साध्या नोंदीची असते: कोणत्या दिवशीं गेला, कोणत्या दिवशीं आला, किती मिळविलें, किती भरलें. ती पक्की असली तर ओहोटीला कांहीं वाहून जात नाहीं.